अर्धवट ऐकू आलेलं गाणं

जानेवारी १९६४. फ्लोरिडातल्या सारासोटा गावातून एका पालकाने अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. घरातल्या मुलीने एक तबकडी आणली होती आणि तिच्यावरचं गाणं अश्लील म्हणून रेडिओवर बंद केल्याचं या पालकाच्या वाचनात आलं होतं. म्हणून त्याने स्वतः बसून शब्द लावायचा प्रयत्न केला. जे हाती लागलं ते इतकं घाण होतं, की पत्रात उतरवून काढणंही त्याला जमेना. असलं काही बाजारात येतंच कसं, असा जाब त्याने विचारला.

पत्र एफबीआयकडे गेलं. पुढची दोनेक वर्षं एका गाण्याची फाइल टॅम्पा, इंडियानापोलिस, डेट्रॉईट, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या कचेऱ्यांमधून फिरत राहिली. गाणं होतं 'लुई लुई', आणि गाणारी पोरं ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडची, 'द किंग्जमेन' या बँडची. शंभराहून जास्त पानांची ती फाइल आता खुली झाली आहे. विचित्र गाण्यांचे अर्थ लावायची ज्याला हौस आहे त्याने ती जरूर चाळावी. एका गाण्याचा अर्थ काढायला सरकारी प्रयोगशाळा, कायदेपंडित आणि तपास अधिकारी एकत्र बसल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मला मात्र या प्रकरणात खरा रस आहे तो एका वेगळ्याच कारणाने. 'लुई लुई'ची ही तबकडी निघाली त्याच १९६३ सालात अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत आणखी दोन गाणी अशी होती, की ज्यांतला एक शब्दही बहुसंख्य अमेरिकनांना कळत नव्हता. एक जपानी, एक फ्रेंच. दोन्ही गाणी यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. त्यांच्याविषयी कुणी केनेडींना पत्र लिहिलं नाही. इंग्रजीत गायलेलं गाणं तेवढं संशयित ठरलं. असं का व्हावं? याचं उत्तर शोधताना गाण्यातल्या शब्दांविषयी बरंच काही समजतं, आणि ऐकणाऱ्यांविषयी त्याहून जास्त.

आधी 'लुई लुई'चं कूळ पाहू. ते लिहिलं रिचर्ड बेरी या लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय गायकाने, १९५५ साली. ॲनाहाइममधल्या हार्मनी पार्क बॉलरूममध्ये तो एका लॅटिन बँडबरोबर गायचा. हा बँड रेने तूझे या क्यूबन संगीतकाराचं 'एल लोको चा चा' वाजवत असे. त्याच्या सुरुवातीला एक ठेका आहे: तीन ठोके, मग दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. तो ठेका बेरीच्या डोक्यातून जाईना. कपडे बदलायच्या खोलीत हाताशी वही नव्हती, म्हणून त्याने टॉयलेट पेपरवरच शब्द खरडले, अशी हकिकत तो पुढे सांगत असे.

त्याने लिहिलं काय? एक जमैकन खलाशी दारूच्या गुत्त्यात बसला आहे. गुत्त्यात दारू ओतून देणाऱ्याचं नाव लुई. खलाशी त्याला सांगतोय, की माझी प्रेयसी तिकडे वाट पाहते आहे, मला आता निघायला हवं. तीन दिवस-रात्रींचा समुद्रप्रवास, तिच्या केसांतल्या फुलाची आठवण, वर चंद्र, आणि घरी पोचल्यावर पुन्हा कधीच न निघण्याचा निश्चय. संपलं गाणं. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात बेधडक म्हणता येईल असा मजकूर आहे. फक्त एक गोष्ट: बेरीने खलाशाच्या तोंडी जमैकन धाटणीचं तोडकंमोडकं इंग्रजी घातलं. 'मी'च्या जागी 'मला' म्हणणारं, क्रियापदं गाळणारं. म्हणजे शब्द स्पष्ट ऐकू आले, तरी अमेरिकन कानाला वाक्य वाकडंच लागणार होतं.

१९५७ मध्ये बेरी आणि त्याचे साथीदार 'द फेरोज' यांनी ते 'फ्लिप' या छोट्या कंपनीसाठी तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर दिलं. स्थानिक पातळीवर बरं चाललं. लग्नासाठी पैसे हवे होते, म्हणून बेरीने गाण्याचे हक्क ७५० डॉलरना विकून टाकले. पुढे १९६१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाच्या 'द वेलर्स' या बँडबरोबर रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सने ते जोरकस करून गायलं, आणि अमेरिकेच्या त्या वायव्य कोपऱ्यात प्रत्येक होतकरू बँडला 'लुई लुई' आलंच पाहिजे असा दंडक पडला.

६ एप्रिल १९६३ ला किंग्जमेन पोर्टलंडच्या एका लहानशा स्टुडिओत शिरले. स्टुडिओचं भाडं पन्नास डॉलरच्या आसपास. गायक जॅक ईली. सगळी वाद्यं एकाच खोलीत, एकाच वेळी, पूर्ण आवाजात वाजत होती. गायकाचा मायक्रोफोन छताजवळ टांगलेला. ईलीला टाचा उंचावून, मान मागे टाकून, वर तोंड करून ओरडावं लागलं. त्यातच त्याच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या. एकदाच वाजवलं आणि तेच ठेवलं. मधल्या गिटारच्या तुकड्यानंतर तो अंतरा थोडा आधीच सुरू करतो, चूक लक्षात येऊन थबकतो, ड्रमवाला ती फट भरून काढतो आणि मग तो पुन्हा धरतो. हे सगळं तबकडीवर तसंच आहे. आजही ऐकलं की लक्षात येतं, आणि माझ्या मते गाण्याची अर्धी जान त्यातच आहे.

आता या आवाजात शब्द का हरवले ते पाहण्यासारखं आहे. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो. अर्थ मात्र मुख्यतः व्यंजनांवर तोललेला असतो. क, त, स, फ हे आवाज फार थोडा वेळ टिकतात, क्षीण असतात आणि त्यांतली पुष्कळशी ओळख वरच्या पट्टीतल्या कंपनांमध्ये असते. माणूस ओरडू लागला की स्वर लांबतात, मोठे होतात आणि व्यंजनं आहेत तिथेच राहतात. वर ड्रमच्या झांजा नेमक्या त्याच वरच्या पट्टीत खणखणत असतात. दातांच्या तारांनी 'स' आणि 'थ' आणखी बोथट केले. एवढ्यावर ही तबकडी वाजणार होती कुठे, तर पोरांच्या खोलीतल्या स्वस्त, एका छोट्या स्पीकरच्या प्लेअरवर. ऐकणाऱ्याच्या पदरात पडली ती स्वरांची रांग आणि मधल्या मोकळ्या जागा.

मोकळ्या जागा मेंदूला चालत नाहीत. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने याचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं, त्यातल्या एका शब्दातला एक आवाज अलगद कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्या जवळपास सगळ्यांनी सांगितलं, की वाक्य अखंड आहे, काहीही गाळलेलं नाही. खोकला ऐकू आला होता, पण तो नक्की कुठे आला हे त्यांना दाखवता येईना. कापलेला आवाज त्यांनी 'ऐकला' होता. संदर्भावरून जे असायला हवं ते मेंदूने पुरवलं होतं, आणि पुरवलेलं कुठलं व आलेलं कुठलं यातली सीमा पुसली होती.

रोजच्या व्यवहारात हा गुण आपल्याला तारून नेतो. लोकल गाडीच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणं कळतं ते याच्या जोरावर. पण गाण्यात संदर्भाची दोरी सैल असते. गाण्यातल्या वाक्याने तर्कशुद्ध असावं अशी आपली अपेक्षाच नसते, त्यामुळे मेंदू काहीही पुरवू शकतो. सिल्व्हिया राईट या अमेरिकन लेखिकेने १९५४ मध्ये 'हार्पर्स' मासिकात एक लेख लिहिला होता. लहानपणी आई तिला एक स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायची. त्यात एका सरदाराला मारून गवतावर ठेवलं, असा उल्लेख होता. लहानग्या सिल्व्हियाने ऐकलं ते असं, की सरदाराबरोबर एका उमरावस्त्रीलाही मारलं. 'गवतावर ठेवलं' या शब्दांतून तिने एक अख्खी बाई उभी केली, आणि स्वामीनिष्ठेने त्याच्याबरोबर मेलेली ती बाई तिला कित्येक वर्षं फार आवडत होती. मूळ पोवाड्यात ती नाही हे कळल्यावरही आपली आवृत्तीच सरस आहे, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

लहान मुलीने ऐकली ती एक निष्ठावान स्त्री. १९६३-६४ मधल्या धास्तावलेल्या पालकांनी काय ऐकलं? त्या पिढीला आपली मुलं हातातून निसटत चालल्याची भीती होती. कृष्णवर्णीय गायकांचं संगीत गोऱ्या मुलांच्या खोल्यांत शिरलं होतं, नाच बदलले होते, मुलं दार लावून तबकड्या ऐकत होती. अशा कानावर अस्पष्ट गाणं पडलं, की मोकळ्या जागा भीतीनेच भरल्या जाणार. त्यात आणखी एक गोष्ट घडली. शाळाकॉलेजांमधून टंकलिखित कागद फिरू लागले: 'लुई लुई'चे 'खरे' शब्द. प्रत्येक कागदावर वेगळा मजकूर, सगळा अश्लील. एफबीआयच्या फाइलमध्ये असे कागद जोडलेले आहेत. ज्याने कागद आधी वाचला आणि गाणं मग ऐकलं, त्याला कागदावरचं तंतोतंत ऐकू आलं.

कागदाची ही ताकद नंतर मोजूनही पाहिली गेली. गाणी उलटी वाजवली की त्यांत सैतानी संदेश सापडतात, अशी आवई १९८०च्या दशकात उठली होती. तेव्हा कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यांनी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र आणि लुईस कॅरलची 'जॅबरवॉकी' ही कविता ध्वनिमुद्रित करून उलटी वाजवली. नुसतं ऐकून कुणालाही काही अर्थ सांगता आला नाही. पण 'इथे अमुक एक वाक्य येतंय, नीट ऐका' असं आधी सांगितलं, की पुष्कळांना ते वाक्य ऐकू येई.

'लुई लुई'च्या बाबतीत सूचना करणारे फार मोठे लोक होते. इंडियानाचे राज्यपाल मॅथ्यू वेल्श यांनी जानेवारी १९६४ मध्ये गाणं ऐकलं, आपल्या कानांना झिणझिण्या आल्या असं सांगितलं आणि राज्यातल्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवू नये असं सुचवलं. राज्यपालांना अश्लील वाटलं म्हटल्यावर उरलेल्या देशाने काय ऐकायचं ते ठरूनच गेलं.

एफबीआयपुढचा पेच कायद्याचा होता. अश्लील माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हा गुन्हा. पण माल अश्लील आहे हे न्यायालयात सिद्ध करायचं तर त्यातले शब्द सांगता यायला हवेत. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवली गेली. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीस फेऱ्यांवर लावली की गाणं सुमारे पाऊणपट वेगाने चालतं. पण त्याबरोबर सूरही खाली उतरतो, आवाजाचा पोत बदलतो, आणि आधीच क्षीण असलेली व्यंजनं आणखी चिखलात रुततात. वेग वाढवला तर सगळं किरटं होतं. ज्या ध्वनिमुद्रणात शब्द शिरलेच नाहीत, त्यातून ते कुठल्याही वेगाने बाहेर पडणार नाहीत. शेवटी प्रयोगशाळेने तसंच लिहून दिलं: कोणत्याही वेगाला शब्द कळत नाहीत, सबब कारवाई करता येत नाही.

गाण्याचे मूळ शब्द प्रकाशकाकडे होते आणि ते एफबीआयला मिळालेही होते. खलाशी, चंद्र, फूल, सगळं फाइलमध्ये आहे. तरी तपास थांबला नाही, कारण संशय छापील शब्दांवर नव्हताच. तो ईलीच्या तोंडून काय आलं यावर होता. मग ईलीला विचारायचं! या फाइलमध्ये ज्याचा जबाब सापडत नाही तो माणूस नेमका ईलीच. गाणं गाजायच्या आतच तो बँडमधून बाहेर पडला होता. वाकड्या वाटेने अर्थ शोधणाऱ्यांचं असं अनेकदा होतं. प्रतीकं, गुप्त संकेत, उलटे-सुलटे वेग सगळं तपासून होतं. गाणाऱ्याला खोलीत कुठे उभं केलं होतं हे विचारायचं तेवढं राहून जातं. आणखी एक गंमत: पहिल्या मिनिटाच्या अखेरीस, साधारण चौपन्नाव्या सेकंदाला, मागे ड्रमच्या बाजूने एक खरीखुरी शिवी अस्पष्ट ऐकू येते, असं आज बरेच जाणकार मानतात. वाजवताना काहीतरी चुकलं आणि तोंडातून निघून गेलं. सगळा देश शब्द लावत असताना ती कुणालाच सापडली नाही, कारण कुणी ती तिथे शोधत नव्हतं.

रिचर्ड बेरीला त्या सगळ्या गदारोळातून फार काही मिळालं नाही. हक्क विकलेले होते. १९८०च्या दशकात एका पेयाच्या जाहिरातीसाठी 'लुई लुई' हवं होतं, त्यासाठी त्याची सही लागली, वकिलांनी जुने व्यवहार उकरून काढले आणि अखेर बेरीला हक्कांतला वाटा परत मिळाला. त्यानंतर १९९७ मध्ये तो वारला. गाण्यावरचा डाग मात्र त्याच्यानंतरही टिकला. २००५ साली मिशिगनमधल्या बेंटन हार्बर गावात एका शाळेच्या वाद्यवृंदाला मिरवणुकीत 'लुई लुई' वाजवायला शाळाप्रशासनाने मनाई केली, कारण काय तर शब्द. मुलं फक्त वाद्यं वाजवणार होती, कुणी गाणार नव्हतं. पालकांनी आवाज उठवल्यावर मनाई मागे घेतली गेली.

आता १९६३ सालातली ती जपानी तबकडी घ्या. १५ जून १९६३ च्या 'बिलबोर्ड'च्या लोकप्रियतेच्या यादीत क्यू साकामोतो या तरुण गायकाचं गाणं पहिल्या क्रमांकावर आलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. अमेरिकेत त्याचं नाव होतं 'सुकियाकी'. सुकियाकी म्हणजे मांस आणि भाज्या एकत्र शिजवून खायचा जपानी पदार्थ. गाण्यात हा पदार्थ नाही, स्वयंपाकघर नाही, जेवण नाही. ब्रिटिश जॅझवादक केनी बॉल याने या चालीची वाद्यावरची आवृत्ती काढली तेव्हा मूळ जपानी नाव लोकांच्या तोंडात बसणार नाही म्हणून हे खाण्याचं नाव लावलं गेलं, आणि तेच चिकटलं.

मूळ गाणं १९६१ चं. चाल हाचिदाई नाकामुरा यांची, शब्द रोकुसुके एई यांचे. त्यात एक माणूस रात्री एकटा चालला आहे. डोळ्यांतलं पाणी गालावर ओघळू नये म्हणून त्याने मान वर धरली आहे. अमेरिकन श्रोत्यांना शीळ आवडली, गोड आवाज आवडला, काहीतरी हळवं चाललं आहे एवढं जाणवलं. एई यांना मात्र हे गाणं सुचलं होतं एका मोर्च्यावरून परतताना. १९६० मध्ये अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झालं. लाखो लोक रस्त्यावर आले, संसदेला वेढा पडला, आणि १५ जूनला मिचिको कान्बा ही विद्यार्थिनी त्या धुमश्चक्रीत मरण पावली. करार तरी झालाच. अमेरिकन फौजा जपानात राहिल्या. त्या पराभवाची उदासी घेऊन घरी चालत निघालेल्या माणसाचे ते शब्द आहेत.

तारखा शेजारी ठेवून पाहा. कान्बा गेली त्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या तारखेच्या यादीत, अमेरिकन फौजांविरुद्धच्या आंदोलनाच्या दुःखातून जन्मलेलं गाणं अमेरिकेतलं सर्वांत लोकप्रिय गाणं होतं, आणि तिथल्या श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता. 'लुई लुई'मध्ये नसलेली अश्लीलता शोधायला सरकारी प्रयोगशाळा राबली. इथे सरकारच्याच धोरणाशी थेट नातं असलेलं गाणं घरोघर वाजलं आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. १९८१ मध्ये 'अ टेस्ट ऑफ हनी' या अमेरिकन जोडीने ते पुन्हा गाजवलं, तेव्हा इंग्रजी शब्द प्रेमभंगाचे होते. मूळ शब्दांत आंदोलनाचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून हे शक्य झालं. एई यांनी आपलं दुःख इतकं सर्वांचं करून लिहिलं, की ते कुणालाही अंगाला बसावं. माझ्या लेखी हे त्या तिन्ही गाण्यांतलं सर्वांत थोर काम आहे.

तिसरं गाणं 'दोमिनिक'. 'लुई लुई' बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं तेव्हा त्याच्या डोक्यावर, पहिल्या क्रमांकावर, बेल्जियमच्या एका ननने गिटारवर गायलेलं हे फ्रेंच गाणं बसलं होतं. वॉटर्लूजवळच्या मठातली जानीन डेकर्स ही ती नन; जगाला ती 'स्मितभगिनी' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने माहीत झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येनंतरच्या त्या सुन्न डिसेंबरात चार आठवडे हे गाणं अमेरिकेत पहिलं होतं. चाल बागडणारी, ध्रुवपद लहान मुलांनाही जमेल असं. गाणं आहे संत दोमिनिकवर, पाखंडी ठरवलेल्या अल्बिजन्सियन पंथाविरुद्ध तेराव्या शतकात धर्मप्रचार करणाऱ्या, दोमिनिकन संघाच्या संस्थापकावर. दक्षिण फ्रान्समध्ये त्या पंथाविरुद्ध १२०९ पासून जे धर्मयुद्ध झालं, त्यात गावंच्या गावं कापली गेली. गाण्यात रक्त नाही, पण त्या लढ्याचा उल्लेख सरळ आहे. ओहायोच्या एखाद्या स्वयंपाकघरात हे गुणगुणणाऱ्या बाईला यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही याचं तिला काही वाटतही नव्हतं.

तिन्ही गाणी एकत्र ठेवली की माझ्या मते उत्तर दिसायला लागतं. जे मुळीच कळत नाही ते माणूस नुसतं ऐकतो. सूर घेतो आणि शब्दांना आवाज म्हणून सोडून देतो. त्रास होतो तो अर्धवट कळण्याचा. भाषा आपलीच आहे, मधलाच एखादा शब्द ओळखीचा वाटतो, आता कळेल असं वाटतं आणि निसटतं. तिथे मन स्वस्थ बसत नाही, आणि कुणीतरी आपल्यापासून मुद्दाम काहीतरी लपवतंय असा संशय यायला लागतो. इटलीच्या आद्रियानो चेलेन्तानो याने १९७२ मध्ये हीच कळ दाबली. त्याने अमेरिकन इंग्रजीसारखं ऐकू येणारं, पण जवळजवळ पूर्णपणे निरर्थक असं एक गाणं रचलं. इटालियन लोक त्यावर मजेत नाचले. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना मात्र ते ऐकताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. प्रत्येक ओळ आता समजेल, आता समजेल असं वाटत राहतं.

म्हणजे एकच गाणं एकाला निव्वळ आवाज असतं आणि दुसऱ्याला बोलणं. आपल्याकडे याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण 'ईना मीना डीका' हे आहे. चित्रपट 'आशा', साल १९५७, संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं. किशोरकुमारने एकदा आणि आशा भोसले यांनी एकदा गायलेल्या या गाण्याच्या मुखड्यात अर्थ शोधत पिढ्या मोठ्या झाल्या. हकिकत अशी सांगतात: संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती आणि राज्य कुणावर हे ठरवायला म्हणतात ते इंग्रजी मोजणीचं बडबडगाणं म्हणत होती. रामचंद्र आणि त्यांचे सहायक जॉन गोम्स यांनी ते उचललं आणि पुढे आवाजाला आवाज जोडत नेला. गोम्स मूळचे गोव्याचे. त्यांनी जोडलेल्या आवाजांत चक्क कोकणी शिरली. 'मला नको' अशा अर्थाचे दोन शब्द मुखड्यात बसले, आणि देशभर ते निरर्थक यमक म्हणून गायले गेले. मडगावच्या किंवा मालवणच्या माणसाच्या कानाला मात्र ते घरचं बोलणं आहे. ताटात वाढू लागल्यावर कुणीही म्हणेल असं.

त्या काळच्या मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये गोवेकर वादकांची संख्या मोठी होती. स्वरलिपी लिहिणं-वाचणं त्यांना येत होतं, डान्स बँडचा अनुभव पाठीशी होता आणि बहुतेक संगीतकारांचे सहायक त्यांच्यातलेच असत. म्हणून हिंदी गाण्याच्या अनाकलनीय कोपऱ्यात कोकणी सापडली, तर त्यात गूढ काही नाही. शब्द कागदावरून आलेले नव्हते, खोलीत बसलेल्या माणसांकडून आले होते. 'तेजाब'मधलं १९८८ चं आकड्यांचं गाणं असंच. चाल ऐकवताना लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या लक्ष्मीकांत यांनी डमी शब्द म्हणून नुसते आकडे म्हटले, आणि गीतकार जावेद अख्तर यांना ते इतके चपखल वाटले, की त्यांनी ते हलवलेच नाहीत. मुखड्यातल्या तारखा विरहिणीने मोजलेले दिवस आहेत, हा अर्थ नंतर आला. आकडे आधीपासून चालीत बसलेले होते.

१९७७ चा 'अमर अकबर अँथनी' पाहताना चित्रपटगृहात लोक ज्या इंग्रजी बडबडीला खदखदून हसले, तीही अशीच खोदण्यासारखी आहे. मोठ्या अंड्यातून बाहेर पडलेला अमिताभ गाण्याच्या आधी आणि मधे जे बोलतो त्यात हिमोग्लोबिन, वातावरण, व्यवस्था असे जड शब्द एकमेकांवर आदळतात. शाळेत इंग्रजी शिकलेल्या, पण ते फर्डं बोलता न येणाऱ्या आपल्यासारख्या लाखो लोकांना प्रत्येक शब्द ओळखीचा होता आणि वाक्य मात्र हाती लागत नव्हतं. इथे अर्धवट कळण्यातूनच हसू फुटत होतं. त्या बडबडीतला एक तुकडा मात्र बडबड नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांनी आपले प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन यांच्यावर, हा माणूस स्वतःच्याच शब्दबंबाळपणाने झिंगला आहे अशा आशयाची जी प्रसिद्ध टीका केली होती, ती किरकोळ बदल करून तिथे आली आहे.

आणि गाण्यात ज्याचं नाव घेतलं जातं तो अँथनी गोन्साल्विस? विनोदासाठी रचलेलं नाव, असंच बहुतेकांना वाटत आलं. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावात १९२७ मध्ये या नावाचा मुलगा जन्मला. मुंबईत येऊन तो हिंदी चित्रपटांचा व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक झाला, भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी १९५८ मध्ये त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेला. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांमध्ये या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शर्मा होते. चित्रपटातल्या अँथनीला आडनाव शोधायची वेळ आली, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचं नाव पुढे केलं. चित्रपटसृष्टी सोडलेले गोन्साल्विस तेव्हा हयात होते आणि पुढेही २०१२ पर्यंत होते. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत बँडवाले आजही ते गाणं वाजवतात, आणि नाव घेतलं जातं ते त्यांचं.